एकाच खोलीची शंभर भोकं

लेथवर जॉब फिरतो, ड्रिल जागेवर. म्हणून टेलस्टॉक मध्यरेषेवरून जरा सरकला तरी भोक मापापेक्षा मोठं पडतं. चकात डायल इंडिकेटर धरून टेलस्टॉकची स्लीव्ह तपासा, बाजूच्या स्क्रूंनी सरळ करा. सुरुवात सेंटर ड्रिलनेच. घाईत हाच टप्पा गाळला जातो आणि ड्रिल भरकटतं. माइल्ड स्टीलमध्ये ६ मिमीच्या एचएसएस ड्रिलला मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला, तर साधारण १,३०० आरपीएम येतात. खोली व्यासाच्या तिप्पट झाली की ड्रिल मागे घेत बुरा काढा.

दर जॉबला खोली मोजत बसू नका. स्लीव्हवर स्टॉप कॉलर बसवा आणि टेलस्टॉक बेडवर पक्का आवळा. जॉबही चकात आतल्या स्टॉपरला टेकलेलाच हवा. तो नसेल तर कॉलर निव्वळ शोभेची.