जुन्या हवामान केंद्रांतील माहितीवहनाचा वेग : बॉड, बिट आणि बाइट यांचे गणित

बेंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात अखिल भारतीय समन्वित कृषी हवामानशास्त्र संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र आहे. अशा केंद्रांतून मिळणाऱ्या सल्ल्याचा पाया म्हणजे हवामानाची दीर्घकालीन, अखंड नोंद. एखाद्या हंगामातील पावसाची नोंद हरवली, तर ती पुन्हा मिळविता येत नाही. जुन्या स्वयंचलित हवामान केंद्रांतील अनेक डेटा लॉगरांची स्मृती चक्राकार असते. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी नवी नोंद लिहिली जाते. म्हणून माहिती वेळेवर आणि पूर्ण उतरवून घेणे अत्यावश्यक असते. त्यासाठी वेगाची एकके समजून घ्यावी लागतात.

तीन एकके

बिट हे माहितीचे सर्वांत लहान एकक होय. आठ बिटांचा एक बाइट होतो. बॉड म्हणजे वाहिनीवर एका सेकंदात पाठविल्या जाणाऱ्या संकेतांची संख्या. फ्रेंच तंत्रज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून हे एकक रूढ झाले.

लॉगर व संगणक यांना जोडणाऱ्या आरएस-२३२ तारेत एका संकेतात एकच बिट जातो. तेथे ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. दूरध्वनी मोडेममध्ये मात्र हे समीकरण लागू पडत नाही. ‘व्ही.२२ बिस’ मानकाचा मोडेम ६०० बॉडने चालतो. पण प्रत्येक संकेतात चार बिट असल्याने त्याचा वेग सेकंदाला २४०० बिट असतो.

आठाने भागावे की दहाने?

आरएस-२३२ जोडणीत प्रत्येक बाइटच्या आधी एक स्टार्ट बिट आणि शेवटी किमान एक स्टॉप बिट असतो. आठ माहिती बिट धरून एकूण दहा बिट होतात. म्हणून येथे बॉडला दहाने भागावे : ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट. मृदा ओलावा मोजणाऱ्या अनेक संवेदकांतील एसडीआय-१२ पद्धतीचा वेग १२०० बॉड असतो. तेथे सात माहिती बिट व एक पॅरिटी बिट असल्याने बेरीज पुन्हा दहाच येते. म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे.

समजा, लॉगरची स्मृती ६४ किलोबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट आहे आणि तार १२०० बॉडची आहे. बॉडलाच बाइट मानल्यास सुमारे ५५ सेकंदांचा अंदाज निघतो. प्रत्यक्षात ६५,५३६ भागिले १२०, म्हणजे ५४६ सेकंद किंवा सुमारे नऊ मिनिटे लागतात. पहिला अंदाज धरणारा मनुष्य दोन मिनिटांनी यंत्र अडकले असे समजून तार काढतो आणि नोंद अर्धवट राहते. आकडे मजकुराच्या रूपात पाठविले जात असतील, तर वेळ आणखी वाढतो.

उपग्रहमार्गे येणारी माहिती

दुर्गम ठिकाणच्या केंद्रांसाठी उपग्रहाचा आधार घेतला गेला. बेंगळुरू येथील इस्रोच्या उपग्रह केंद्रात घडविलेल्या आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी प्रक्षेपित झालेल्या कल्पना-१ या उपग्रहावर अशी माहिती पुढे पाठविणारा ट्रान्सपॉंडर होता. अशा केंद्रांचा प्रेषणवेग सेकंदाला ४.८ किलोबिट असतो. येथे प्रत्येक बाइटला स्टार्ट-स्टॉप बिट जोडलेले नसल्यास आठाने भागावे : सेकंदाला ६०० बाइट. साठ बाइटांच्या संदेशाला, जुळणीचे बिट वगळता, सेकंदाचा दहावा भाग पुरतो. त्यामुळेच अनेक केंद्रांना एकच वारंवारता वाटून घेता येते.

जोडणीपूर्वी घ्यावयाची काळजी

• बॉड, माहिती बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट ही चारही मूल्ये लॉगर व संगणक यांत सारखी ठेवावीत. पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसल्यास प्रथम हीच मूल्ये तपासावीत.
• इंग्रजी लघुरूपात लहान ‘बी’ बिट दर्शवितो, मोठा ‘बी’ बाइट. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे १२५ किलोबाइट.
• वेगाच्या मापनात किलो म्हणजे १०००. स्मृतीच्या मापनात ते बहुधा १०२४ असते.
• अपेक्षित वेळ आधी काढून नोंदवहीत लिहावा आणि तो पूर्ण होईपर्यंत तार काढू नये.
• उतरविलेल्या फाइलमधील पहिली व शेवटची तारीख पडताळल्याशिवाय लॉगरची स्मृती पुसू नये.