‘एवढं होईपर्यंत काय करत होतात?’

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एक ताई गेली सहा वर्षे माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. वय ३९, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. झोपेत श्वास अडकायचा, गुडघे दुखायचे, इन्सुलिनचे युनिट वाढतच चालले होते. वर्षभर आहार, चालणे, औषधे असे सगळे करून वजन सात किलोने उतरले आणि पुढच्या वर्षी नऊ किलोने वाढले. शेवटी मीच त्यांना बेरिॲट्रिक सर्जनकडे पाठवले. तपासण्या झाल्या, तारीख ठरली. ज्या दिवशी दाखल व्हायचे, त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘‘सर, मी घरी आलेय. मला नाही करायचं ऑपरेशन.’’

मला वाटले, भुलेची भीती असेल. ती होतीच. पण घरी परत पाठवले ते दुसऱ्याच गोष्टीने. वॉर्डच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर त्यांचे वजन झाले आणि आकडा मोठ्याने सांगितला गेला. बीपीचा पट्टा दंडाला पुरेना. तो दोनदा सुटला, तिसऱ्यांदा कसाबसा बसला आणि बीपी आले १७०/१०४. ‘‘इतकं बीपी असेल तर उद्याचं रद्दच होईल,’’ असे कोणीतरी म्हणाले. ट्रॉली घेऊन आलेले मामा हसत म्हणाले, ‘‘आज चौघं लागतील.’’ आणि केसपेपर लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरने मान वर न करता विचारले, ‘‘एवढं होईपर्यंत काय करत होतात?’’

ताईंनी घरी अडचण असल्याचे सांगितले, पिशवी उचलली आणि चाकणची बस पकडली.

मी समजूत घालू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘सर, पहिल्या वर्षी तुम्हीपण म्हणाला होतात, तोंडावर ताबा ठेवा, बाकी काही नाही.’’ मला ते आठवत नव्हते. त्यांना शब्दन् शब्द आठवत होता.

टोमण्याने वजन उतरत नाही

आपल्याकडे लठ्ठपणा म्हणजे आळस आणि खादाडपणा असा पक्का समज आहे, आणि दवाखान्यातले लोक त्याला अपवाद नाहीत. शरीराचा हिशेब मात्र इतका सोपा नसतो. जुळ्यांवरील अभ्यासांतून वजनात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. इन्सुलिन, स्टेरॉइड, काही मानसोपचारातील औषधे वजन वाढवतात. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या फिरत्या पाळ्या झोपेचे तंत्र बिघडवतात आणि अपुरी झोप भूक वाढवते. शिवाय डाएट करून वजन उतरवले की शरीर गप्प बसत नाही. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वर जाते आणि वर्षभरानंतरही वरच राहते, असे २०११ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले. सात किलो उतरून नऊ किलो का वाढतात, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे.

हा प्रश्न मूठभर लोकांचाही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आहे.

टोमण्यांमुळे माणूस सुधारत नाही, तो दवाखाना टाळतो. २०२० मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एकत्र निवेदन काढून हेच मांडले. वजनावरून होणारी हेटाळणी शरीराला आणि मनाला अपाय करते आणि उपचारांपासून दूर लोटते, असे त्यात म्हटले आहे. २०१७ मध्ये मुंबई महापालिका निवडणुकीच्या वेळी एका प्रसिद्ध लेखिकेने मध्य प्रदेश पोलिसांतील एका स्थूल अधिकाऱ्याचे छायाचित्र टाकून समाजमाध्यमावर चेष्टा केली होती. आपले वजन आजारपणातून वाढल्याचे त्या अधिकाऱ्याने सांगितले. पुढे त्याच वर्षी मुंबईत त्यांच्यावर बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली. हसणाऱ्यांपैकी कितींनी आधी कारण विचारले असेल?

पट्टा लहान, आकडा मोठा

ताईंच्या त्या १७०/१०४ कडे पुन्हा पाहू. बीपीच्या पट्ट्यातला फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भाग व्यापेल इतका लांब हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटेच जास्त दिसते. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचे बीपी सरासरी जवळपास २० ने जास्त आले. त्यात भीती आणि अपमान यांनी भर घातली. म्हणजे मोठा पट्टा नसणे ही रुग्णाची चूक नव्हती, ती आमची उणीव होती. आणि तिच्यापायी शस्त्रक्रिया रद्द होऊ शकली असती.

भीती कशाची, खरी किती?

ऑपरेशनआधी धास्ती वाटणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. रुग्ण मला बहुतेक वेळा चार प्रश्न विचारतात.

‘भुलेतून उठेन ना?’ आज प्रस्थापित केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनशी त्याची तुलना होते. धोका शून्य नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायातील शिरांत गुठळी या गोष्टी होऊ शकतात. म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला उठवून चालवतात.

‘नक्की काय कापतात?’ ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. घ्रेलिन मुख्यतः याच काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे भूकही कमी होते. काहींना नंतर ॲसिडिटी वाढते. जीवनसत्त्वे आणि तपासण्या मात्र आयुष्यभर.

‘फायदा टिकतो का?’ स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. काहींचे थोडे वजन पुन्हा वाढते, पण बहुतेकांचे पहिल्याइतके नाही.

‘लोक म्हणतील, सोपा रस्ता धरला.’ नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल ते जाहीरपणे बोलले. दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार, मग पातळ, मग मऊ जेवण आणि पुढे कायमचे बदललेले ताट. यात सोपे काय आहे?

माहिती हेही औषध

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६४ साली भूलतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही रुग्णांना आदल्या दिवशी भेटून नंतर कुठे, किती दुखेल आणि तेव्हा काय करायचे ते सांगितले. या रुग्णांना वेदनाशामक मॉर्फिन जवळपास निम्मेच लागले आणि ते लवकर घरी गेले. खुर्ची ओढून पाच मिनिटे बोलणे, एवढाच खर्च.

तुमचे किंवा घरातल्या कोणाचे ऑपरेशन ठरले असेल, तर हे करून पाहा:

• प्रश्न कागदावर लिहून न्या. भूलतज्ज्ञांना दाखल होण्याआधीच भेटा. झोपेत घोरणे, श्वास अडकणे, आधीच्या भुलेचा त्रास, सगळी औषधे सांगा. सीपॅप मशिन असेल तर सोबत न्या.

• तंबाखू, मिश्री, सिगारेट निदान सहा आठवडे आधी बंद करा. आहाराचे दोन आठवडे चुकवू नका. त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते.

• ‘वजन बाजूला घ्या, आकडा मोठ्याने सांगू नका’ आणि ‘बीपीला मोठा पट्टा लावा’ हे मागणे तुमच्या हक्काचे आहे.

• कोणी टोमणा मारला तर एकच वाक्य तयार ठेवा: ‘‘मी उपचारासाठीच आले आहे, कृपया असं बोलू नका.’’ भांडायची गरज नाही. पुन्हा झाले तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना सांगा. खासगी रुग्णालयांत रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केले आहे.

• सोबतीला असा माणूस न्या, जो तुमच्या वतीने बोलू शकेल. आदल्या रात्री आवडती गाणी ऐका. संगीताने ऑपरेशनआधीची घालमेल कमी होते, हे अभ्यासांतही दिसले आहे.

• भीतीने झोपच उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या शस्त्रक्रियेच्या तयारीत ती भेट असतेच.

• खर्चाचे आधी विचारा. बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असेल, इतर उपायांनी गुण आला नसेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर विमा नियामकांच्या प्रमाण अटींनुसार केवळ ‘लठ्ठपणा’ म्हणून दावा वगळता येत नाही. तरी पॉलिसी आणि प्रतीक्षा काळ तपासा.

आणि आम्ही?

सिस्टर, मामा, मावशी, डॉक्टर हे सगळे दिवसभर राबतात आणि चेष्टा बऱ्याचदा थकव्यातून येते. ट्रॉली ढकलणाऱ्याची पाठ दुखते, हेही खरे. त्यावर उपाय म्हणजे जास्त हात, मजबूत ट्रॉली आणि मोठा पट्टा. ‘लठ्ठ पेशंट’ म्हणण्याऐवजी ताईंना नावाने हाक मारायला काही खर्च येत नाही.

त्या संध्याकाळी मी ताईंची माफी मागितली. मग त्यांच्या सर्जनना फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि स्वतः ताईंशी बोलले. तीन आठवड्यांनी ताई पुन्हा दाखल झाल्या. या वेळी बहीण सोबत होती, हातात प्रश्नांचा कागद होता. मोठ्या पट्ट्याने बीपी आले १४२/८८. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झाले. आज सात महिन्यांनी वजन ८९ किलो आहे, इन्सुलिन बंद आहे, पाळीवरून आल्यावर झोप लागते.

मागच्या महिन्यात त्या तपासणीला आल्या, तेव्हा नेहमीच्या जागी वजनकाटा शोधू लागल्या. तो आम्ही दाराबाहेरून उचलून पडद्याआड ठेवला आहे. हलवायला दोन माणसे आणि दहा मिनिटे लागली. हे काम इतकी वर्षे का राहिले होते, त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.