उलट्या आट्यांचं पेडल

हुबळीच्या दुर्गदबैलात हातगाडी अडते तिथून सायकल जाते. मागं पोतं, हँडलला दोन पिशव्या, आणि माणूस चालत सायकल धरून. ‘दुर्गद बयलु’ म्हणजे किल्ल्याची मोकळी जागा. आता तिथं बाजार भरतो. याच वाटांनी वडिलांची सायकल वर्षानुवर्षं फिरली. ते गेल्यावर ती आमच्या बोळात भिंतीला टेकून गंजत राहिली, आणि येता-जाता मला तिची चुटपुट लागायची.

अशीच चुटपुट डेव्हिड श्वाइडनबॅक या अमेरिकन माणसाला लागली होती. तरुणपणी तो इक्वेडोरमध्ये स्वयंसेवक होता. त्याचा घरमालक सुतार. गावात सायकल होती ती एकट्या त्याच्याकडं, त्यामुळं हत्यारं घेऊन तो लांबची कामं करून यायचा. बाकीच्यांची कामं पायी जाता येईल तेवढ्याच टापूतली. न्यू जर्सीला परतल्यावर श्वाइडनबॅकला कचऱ्यात टाकलेल्या चांगल्या सायकली दिसू लागल्या. 1991 साली त्यानं त्या मागायला सुरुवात केली. अपेक्षा डझनभरांची, जमल्या शंभरावर. त्या निकाराग्वाला गेल्या. ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ या त्याच्या संस्थेनं पुढं दीड लाखाहून जास्त सायकली परदेशी धाडल्या.

गोळा करायच्या दिवशी शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात स्वयंसेवक पाने घेऊन उभे असतात. बाहेर आलेली पेडलं शेजारच्या सायकलीच्या आऱ्यांत अडकतात, जागाही खातात. म्हणून ती काढायची, हँडल वळवून चौकटीला समांतर करायचं. मग एका मोठ्या कंटेनरात चारशे-पाचशे सायकली मावतात. नवशिक्या अडतो तो डाव्या पेडलाशी. चालवताना सैल होऊ नये म्हणून त्याचे आटे उलटे असतात; आवळायच्या दिशेनं फिरवलं तरच ते सुटतं. हे ठाऊक नसलेला माणूस जोर करून करून पेडल आणखीच घट्ट करून ठेवतो.

मला खरं मोल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तिकडं या सायकली फुकट वाटत नाहीत. स्थानिक संस्था त्या दुरुस्त करून परवडेल अशा किमतीला विकते. त्या पैशातून मिस्त्रीचा पगार आणि पुढच्या कंटेनरचा खर्च निघतो. फुकटची सायकल दुकानदाराचं गिऱ्हाईक तोडते, आणि दुकान बंद पडलं की पहिल्या मोठ्या बिघाडाला ती सायकलही बसते. सायकल द्यायची तर तिच्यामागं मिस्त्री उभा राहील अशी सोय करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून आठवीच्या मुला-मुलींना सायकली दिल्या. त्या साध्या, देशी होत्या; ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर आपल्याकडं खेड्यातही मिळतात. गिअरवाल्या जुन्या सायकलीचं तसं नसतं. मुंबईत डबेवाल्यांच्या मदतीनं जुन्या सायकली जमवून गावाकडच्या विद्यार्थ्यांना देण्याचं काम झालं. तिथंही सायकल मुलाच्या हाती जाण्याआधी तिची दुरुस्ती आलीच.

वडिलांची सायकल शेवटी मी मिस्त्रीकडं नेली. एका शाळकरी मुलीला द्यायची आहे म्हणून सांगितलं. त्यानं चाक फिरवून डोळा लावला, दोन आरे बदलले, सीट खाली घेतली. डावं पेडल जाम होतं. रॉकेल सोडून त्यानं थोडा वेळ थांबून ते उलटं फिरवून काढलं, आटे पुसले, बोटानं ग्रीस भरलं आणि पुन्हा बसवलं.

“आता पुढच्या येळी हलक्या हातानं निघंल,” तो म्हणाला.