समुद्रातल्या विहिरींचा रखवालदार

सोलापूरजवळच्या पाकणी डेपोत मुंबईहून पाइपलाइनने डिझेल येतं. पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात, जिथून कच्चं तेल निघतं त्या बॉम्बे हायच्या विहिरींवर सुरक्षेची नजर कोण ठेवतं? ते काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं (ओआयएसडी). १९८६ मध्ये स्थापना झालेल्या या संस्थेच्या वर सेफ्टी कौन्सिल असते. पेट्रोलियम सचिव तिचे अध्यक्ष, आणि तेल कंपन्यांचे प्रमुख सदस्य. संचालनालयातले तज्ज्ञही बरेचसे कंपन्यांकडूनच प्रतिनियुक्तीवर आलेले. म्हणजे तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच घरचे. मला हे खटकतं.

२७ जुलै २००५ला बॉम्बे हायजवळच्या एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून जहाज तेल काढण्याच्या फलाटाला खेटलं आणि वायूच्या उभ्या नळीवर आदळलं. आगीत बॉम्बे हाय नॉर्थ फलाट कोसळला, २२ जण गेले. समुद्रातल्या कामांसाठी सुरक्षेचे स्वतंत्र नियम त्यानंतर, २००८ मध्ये आले आणि त्यांच्या अंमलबजावणीचा अधिकार याच संचालनालयाला मिळाला. जमिनीवरच्या तेलविहिरींची सुरक्षा मात्र खाण सुरक्षा महासंचालनालय पाहतं. तेही वेगळ्याच, श्रम मंत्रालयाखाली. समुद्राच्या या रखवालदाराचं मुख्य कार्यालय आहे नोएडात.