पुरुषाच्या मेंदूतले ‘बायकी’ संप्रेरक

आमच्या भिवंडीत धामणकर नाक्याजवळ व्यायामशाळेत जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला दोन औषधे दाखवली. एक टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन आणि दुसरी ‘अंगातले बायकी हार्मोन मारणारी’ गोळी. दोन्ही डॉक्टरांना न विचारता आणलेली. ‘काका, पुरुषाला त्या हार्मोनचं कामच काय?’ असे त्याने विचारले. प्रश्न साधा होता, पण उत्तर तितके साधे नाही.

वृषणांचा स्वभावाशी संबंध असतो, हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. खच्ची केलेला बैल निमूटपणे जुवाखाली चालतो. मात्र वृषणांतले टेस्टोस्टेरॉन मेंदूत पोचल्यावर त्याचे काय होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडत गेले. त्यातले काही आहे तसेच काम करते. काहीचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रबळ पुरुषी संप्रेरक बनते. आणि हायपोथॅलॅमससारख्या भागांत अ‍ॅरोमाटेज नावाचे एन्झाइम काहीचे चक्क इस्ट्राडायॉल, म्हणजे ‘स्त्री-संप्रेरक’ बनवते!

वृषणे काढलेला नर उंदीर हळूहळू मादीकडे फिरकेनासा होतो. टेस्टोस्टेरॉन दिले की तो पूर्ववत वागू लागतो. नुसत्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनने फारसा फरक पडत नाही. इस्ट्राडायॉलने बराच पडतो. दोन्ही मिळून दिली तर वागणे जवळजवळ पहिल्यासारखे होते. आमच्या यंत्रमागाच्या भाषेत सांगायचे तर सूत एकच, पण त्याचाच ताणा आणि त्याचाच बाणा.

मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत १९९०च्या दशकात नर उंदरांना टॅमॉक्सिफेन दिले गेले. हे औषध काही पेशींत इस्ट्रोजेनला अडवते, तर काहींत त्याच्यासारखेच वागते. त्या उंदरांचे टेस्टोस्टेरॉन घटले आणि प्रजननक्षमताही कमी झाली. इस्ट्रोजेनच्या संदेशात ढवळाढवळ केली, तर नराची सारी घडी विस्कटते ती अशी.

उंदराचे गणित माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही. म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टनमधला प्रयोग महत्त्वाचा. त्यात पुरुषांचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन थांबवून ते बाहूरून ठरावीक मात्रेत दिले. काहींना अ‍ॅरोमाटेज रोखणारी गोळीही दिली. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून निघाली. पण इस्ट्रोजेन रोखलेल्यांची चरबी वाढली आणि कामेच्छाही घटली.

शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले, की मेंदूला वाटते साठा भरपूर आहे. पियूषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे कमी करते. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. ‘पुढच्या वर्षी लग्न आहे,’ एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो.