टायमिंग चेन: तोडायची कधी, जोडायची कशी

मंडळी, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये ‘प्रिया’ बनायची, हे इथे सांगलीतही बऱ्याच जणांना आठवत असेल. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. वॉल्व्ह नाही, कॅम नाही, म्हणून टायमिंग चेनही नाही. जुन्या बुलेटला वॉल्व्ह होते, पण ते पुशरॉडवर चालायचे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि इंजिनातली ही चेन घरोघरी पोचली.

तिचं काम एवढंच: क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरवायचा. चेन सैल झाली की आधी खळखळ ऐकू येते. पुढे तिने दात सोडला तर वॉल्व्हची वेळ चुकते आणि काही इंजिनांत पिस्टन थेट वॉल्व्हला भिडतो.

आता पहिला प्रश्न: चेन तोडायची गरज आहे का? आपल्याकडच्या बहुतेक शंभर सीसी गाड्यांत नाही. मॅग्नेट आणि त्यामागची कॉइलची प्लेट काढली, वरचं स्प्रॉकेट सोडलं, की अखंड चेन निघते आणि नवीही अखंडच बसते. काही इंजिनांत मात्र चेन क्रँकच्या मधोमध असते. तिथे पूर्ण इंजिन खोलणं टाळायला आपण जुनी चेन तोडून नवी रिव्हेट करतो.

तोडण्याआधी प्लग काढायचा, ‘टी’ची खूण जुळवायची, चेनच्या खाली कापड कोंबायचं. पिनेचा तुकडा आत पडला तर काम दुप्पट. नवीचं टोक जुनीला तारेने बांधून क्रँक हळूहळू फिरवायचा. कॅमही सोबत फिरला पाहिजे. दोन्ही टोकं ताणून धरायला दुसरा माणूस हवाच.

बाहेरच्या चेनसारखं क्लिपचं लॉक इथे चालत नाही. त्या चेनचीच जोडकडी घ्यायची, पट्टी शेजारच्या कड्यांइतकीच दाबायची आणि पिनेची टोकं रिव्हेटच्या हत्याराने फुलवायची. मागे आधार न देता हातोडी मारली तर पिन वाकते. कडी मोकळी वळली पाहिजे आणि फुललेल्या टोकाला तडा नको. तडा दिसला तर दुसरी नवी कडी.

मग टेन्शनर बसवून पान्याने क्रँक पूर्ण दोनदा फिरवायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही. खुणा पुन्हा जुळल्या, तरच किक.

रिव्हेटबद्दल जराही शंका वाटली तर कव्हर लावू नका. हत्यार असलेल्या मिस्त्रीला दाखवा. ही कडी खंबाटकी घाटात सुटली तर तिथे पाना कामाचा नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.