सॅमोथ्रेसची नाइकी : शिल्प आणि मिथकार्थ

पॅरिस येथील लूव्र संग्रहालयाच्या भव्य जिन्याच्या माथ्यावर उभी असलेली नाइकी ही प्राचीन ग्रीकांची विजयदेवता होय. एजियन समुद्राच्या उत्तर भागातील सॅमोथ्रेस बेटावर, 'महादेवतां'च्या तीर्थक्षेत्रात, १८६३ मध्ये शार्ल शांप्वाझो या फ्रेंच राजनयिकास तिचे अवशेष सापडले. शिर व बाहू उपलब्ध नाहीत. उजवा पंख डाव्याच्या आधारे प्लास्टरमध्ये घडविलेला आहे.

नाइकीचा अनुवाद 'विजया' असा सहज केला जातो. तो काहीसा फसवा आहे. आपली विजया, म्हणजे दुर्गा, स्वतः असुराशी लढून त्याचा वध करते. नाइकीचे मुख्य कार्य लढणे नव्हे, विजय घेऊन येणे हे आहे. हेसिअडच्या 'थिऑगनी'नुसार ती स्टिक्स व पॅलस यांची कन्या; चुरस, सामर्थ्य आणि बळ ही तिची भावंडे. टायटनांविरुद्धच्या युद्धात स्टिक्स आपल्या अपत्यांसह सर्वप्रथम झ्यूसच्या पक्षास मिळाली आणि ती अपत्ये कायमची त्याच्या सन्निध राहिली. विजय हा मूलतः झ्यूसचा. मानवास तो केवळ पाठविला जातो. म्हणूनच ऑलिम्पियातील झ्यूसच्या आणि पार्थेनॉनमधील अथीनाच्या हातावर लहानशी नाइकी दाखविलेली होती. जे येते ते निघूनही जाऊ शकते, ही धास्ती ग्रीकांना होतीच. अथेन्सकरांनी नाइकीची मूर्ती पंखहीन ठेवली ती तिने नगर सोडून जाऊ नये म्हणून, असे पॉसेनिअसने नमूद केले आहे.

सॅमोथ्रेसच्या शिल्पकाराने मात्र पंख मिटविले नाहीत. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभीची मानली जाणारी, सुमारे २.७५ मीटर उंचीची ही पॅरोसच्या शुभ्र संगमरवरातील मूर्ती करड्या संगमरवरी नौकेच्या अग्रभागावर नुकतीच उतरते आहे. समोरच्या वाऱ्याने वस्त्र देहाला चिकटले आहे आणि मागे फडफडते आहे. नौकेचा दगड ऱ्होड्सचा असल्याने एखाद्या ऱ्होडियन नाविक विजयाचे हे स्मारक असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. नेमके युद्ध कोणते, याविषयी एकमत नाही. समुद्रप्रवाशांचे रक्षण ही महादेवतांची ख्याती असल्याने स्थळाची निवड मात्र सहज उमगते.

या देवतेच्या हाती तुतारी असावी, असा तर्क पूर्वी केला जाई. १९५० मध्ये उत्खननात उजवा हात मिळाला. त्याचा तळवा उघडा आहे आणि त्यात काहीही धरलेले नव्हते. तो आगमनाची वार्ता देण्यासाठी उंचावलेला असावा.